ओढणीखालची बोटे

नदीकाठच्या एका गावात हेरंब नावाचा एक कारागीर राहत असे. मोबाइल दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. त्याची धाकटी बहीण कुमुद जन्मतः अंध होती. घरात दोघेच, आणि एकमेकांवर जीव फार.

कुमुदपाशी स्मार्टफोन होता. परंतु त्याची काच सपाट, बोटाला काही लागत नसे. संदेश पाठवायचा तर तो मोठ्याने बोलावा लागे आणि तो शेजारच्या राधाकाकूंनाही ऐकू जाई. त्यामुळे अंधशाळेतील मैत्रीण मालू हिच्याशी मनातले बोलणे कधी होतच नसे.

हेरंबाने हे जाणले आणि सहा अंगठ्या घडवल्या. ब्रेल लिपीचे प्रत्येक अक्षर सहा टिंबांतून होते; त्याने एका टिंबाला एक बोट नेमले. अंगठ्या घालून मांडीवर बोटे टेकवली, की अक्षर फोनमध्ये उमटे. कुमुदला ते कानातल्या इयरफोनमधून हलकेच ऐकू येई. बाहेर कोणाला काही कळत नसे.

राधाकाकूंनी थट्टा केली, "एवढ्या अंगठ्या! सासर कुठलं गं?"

कुमुद म्हणाली, "सासरी गेले तर दादाच्या आमटीत मीठ कोण घालील?"

सायंप्रार्थनेनंतर भाऊबहीण ओसरीवर समोरासमोर बसत. कुमुद मालूला लिही. अंगठ्या घडवताना हेरंब स्वतः ब्रेल शिकला होता. बहिणीची हलणारी बोटे पाहून त्याला अक्षरे कळू लागली. प्रथम त्याला कौतुक वाटले. मग तो रोजच वाचू लागला. आपण काही चोरतो आहोत, असे त्याच्या मनातही आले नाही.

एके दिवशी कुमुदने लिहिले की अनामिकेतील अंगठी फार काचते, पण दादाला सांगवत नाही. त्याने किती हौसेने केली आहे.

सकाळी हेरंबाने ती अंगठी घासून सैल केली आणि तिच्या हाती दिली. "घालून बघ. आता काचणार नाही."

कुमुदने अंगठी घातली. ती बोटात नीट बसली. ती बोटावर फिरवत कुमुद म्हणाली, "दादा, हे मी तुला सांगितलं नव्हतं."

तुझ्या भल्यासाठीच वाचले, असे काहीतरी हेरंब पुटपुटला.

"अंगठी छान झाली रे," ती म्हणाली. "पण आता मी मालूशी बोलू कुठे?"

त्याने क्षमा मागितली. तिने तत्काळ दिली. परंतु त्या संध्याकाळपासून ती हात ओढणीखाली घेऊन लिहू लागली. तिने रागाचे दोन शब्द बोलावेत, असे हेरंबाला वाटे. ती नेहमीसारखीच गोड बोले आणि ओढणी सारखी करी.

हेरंब देवापुढे बसला. जपात मन लागेना. बहिणीला दिसत नव्हते हे खरे. परंतु ज्याच्यापुढे आपण हात जोडले आहेत, त्याने सर्व पाहिले होते, हे त्याला उमगले.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने आपले आसन फिरवले. भिंतीकडे तोंड करून तो बसू लागला. ही गोष्ट त्याने बहिणीला सांगितली नाही. रोजच्यासारखा तो दुकानातल्या गमती सांगे.

थोड्याच दिवसांत कुमुदच्या ध्यानात आले, की दादाचा आवाज समोरून येत नाही.

"दादा, भिंतीशी काय बोलतोस?"

हेरंब म्हणाला, "तिकडे वळलो की ओढणीखालूनही तुझी बोटं कळतात."

कुमुदने ओढणी बाजूला सारली आणि हात उघड्यावर, मांडीवर ठेवले. मग ती मालूला लिहू लागली. हेरंबाला ते दिसले नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हाती साधन देणे हे अर्धेच दान होय; त्यावरील आपली नजर काढून घेतली, म्हणजे ते पूर्ण होते.