आत्याचा हात

डोहात पोहायचंय? खुशाल उतरा. पण हा लहानगा पहिल्यांदाच पाण्यात शिरतोय ना? मग त्याच्या पोटाखाली हात धरू नका. काठावर बसा मुकाट्यानं. इथली रीतच तशी आहे. हसू नका साहेब, आधी ऐकून घ्या.

फार मागं इथं येसूआत्या म्हणून नावाड्याची लेक होती. गावातल्या सगळ्या पोरांना तिनंच पोहायला शिकवलं, असं सांगतात. बाकीच्या गावांत पाठीला भोपळा बांधून पोराला विहिरीत ढकलून द्यायचे. आत्याचं तसं नव्हतं. ती पोटाखाली तळवा धरायची आणि पोर स्वतःच्या तोंडानं "सोड गं आत्या" म्हणेपर्यंत काढायची नाही. पोरं जीव टाकायची तिच्यावर.

गोजरा नावाची पोरगी तेवढी भित्री. बाकी सगळी पोहायला लागली, हिच्या तोंडून "सोड" काही निघेना. एका दुपारी दोघी पाण्यात असताना वरच्या अंगाला पाऊस झाला आणि नदी एकाएकी चढली. लाल लोंढ्यात आत्या दिसेनाशी झाली. पण गोजरा होती तिथंच तरंगत राहिली म्हणे! झाडं वाहून गेली, म्हशी वाहून गेल्या, पोरगी जागची हलेना. दोर टाकून ओढली तरी सुटेना. अंग निळं पडत चाललं.

काठावर तिची आई उभी होती. काय चाललंय ते तिलाच उमगलं. ती ओरडली, "गोजरे, आत्याला सोड म्हण! गारठून मरशील!"

"नाही म्हणणार," पोरगी रडत म्हणाली. "म्हटलं तर आत्या जाईल."

"अगं, ती गेलीच आहे बाई!"

तेव्हा कुठं गोजरा म्हणाली, "सोड गं आत्या." आणि रडत रडत, हात मारत, एकटी काठाला लागली. आत्याचा देह कुणाला सापडला नाही.

आजही इथं नव्या पोराला कुणी धरत नाही. ते पाण्यावर पालथं पडतं, तरंगतं आणि मनाचा हिय्या झाला की ते शब्द म्हणतं. बाहेर आल्यावर पोटावर पंजा उमटलेला असतो, बघून घ्या. परवा माझी नात उतरली होती. "सोड गं आत्या" म्हणाली, अगदी स्पष्ट. पुन्हा म्हणाली. तरी बराच वेळ ती जागची हलली नाही. मी बसून राहिलो. सोडताना आत्याच्याही जिवावर येत असणार.