म्हशीवर उभी राहिलेली पोशीबाय

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी, ते विचारू नका. खाडीचं पाणी वर्षं मोजत नाही, आणि जिच्याबद्दल सांगतो आहे तीही मोजत नव्हती.

खाडीच्या या काठाला मोरदांडा आणि त्या काठाला शिरखोल. दोन्ही गावं समुद्राच्या पातळीहून खाली. मधे मातीचा बांध आहे म्हणून गाव आहे. बांधाच्या आत लाल भात पिकतो. बांध फुटला की खारं पाणी आत येतं, आणि मग तीन पावसाळे त्या जमिनीत गवतसुद्धा उगवत नाही.

त्या काळी दोन्ही गावांत एक वाईट रीत पडली होती. आषाढातल्या दिव्याच्या अवसेला मोठं उधाण यायचं. अवसेची भरती भर दुपारी चढते. पाणी बांधाच्या डोक्याला लागलं की मोरदांड्याचे गडी होडी घेऊन निघायचे आणि शिरखोलचा बांध फोडायचे. समोरचा फुटला की पाणी तिकडे पसरतं, आपल्या बांधावरचा भार उतरतो. मग पुढच्या कुठल्या तरी मोठ्या उधाणाला शिरखोलचे गडी यायचे. फार खणावं लागत नसे. फावड्याने हातभर चर पाडायची, बाकीचं काम उधाण करायचं.

यात आणखी एक शहाणपण त्यांनी केलं. बांधाच्या बाहेर तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान होतं. त्या रानाआडून समोरच्यांची होडी दिसत नाही, म्हणून दोन्ही गावांनी आपापली तिवरं तोडली. चोर लांबून दिसावा म्हणून. चोर दिसू लागला, पण लाट अडवायला कोणी उरलं नाही. बांध उघडा पडला. पाणी थेट येऊन मातीला धडका देऊ लागलं. तरी कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. माणूस शेजाऱ्याकडे बघत बसला की त्याला समुद्र दिसत नाही.

पोशीबाय शिरखोलची लेक आणि मोरदांड्याची सून. बांध फोडणारी गावं सोयरीक मात्र करीत होती. भांडण उधाणाचं, लग्न उन्हाळ्यातलं. तिचा नवरा हाशा, भाऊ पदू. दोघेही आपापल्या गावचे पहिले फावडेवाले.

असं म्हणतात की पोशीबाय चिखलात बुडत नसे. इतरांचे पाय मांडीपर्यंत जायचे, तिचे घोट्यापर्यंत. ती चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला ओहोटीत उतरली की चिखलातल्या निवट्या मासळ्या पळून जाण्याऐवजी तिच्यामागे उड्या मारत यायच्या. पांढरे बगळे तिच्या बाजूने चालायचे, जणू तिच्या घरचेच.

तिच्या लग्नाच्या साली मोरदांड्याने शिरखोलचा बांध फोडला. तिच्या बापाची जमीन खारी झाली. पदू सोयऱ्यांच्या दारात भात मागायला आला, तेव्हा सासू बायजी म्हणाली, "ये रं बाबा. बस. तुझ्या बहिणीनं माहेरचा चिखल आणला, आता तू माहेरची भूक आणलीस."

पदूने भात घेतला, पाणी घेतलं नाही. पुढच्या साली त्याने मोरदांड्याचा बांध फोडला. पोशीच्या सासरची जमीन गेली.

त्या दिवशी हाशा घरी येऊन भिंतीला टेकला. "तुझ्या भावानं फोडला."

"अन् पल्याडचा कुणी फोडलावता? वाऱ्यानं?" पोशी म्हणाली.

हाशाने फावडं कोपऱ्यात टाकलं.

दोन्ही घरी चूल पेटेना. एका घरी तिची आई उपाशी, दुसऱ्या घरी तिची सासू. पोशीबाय दोन्हीकडे चिंबोऱ्या पोचवी आणि दोन्हीकडे शिव्या खाई. सासरी म्हणत, माहेर भरते. माहेरी म्हणत, चोराच्या घरचं खायला घालते. आता एकदा जरी बांध फुटला असता, तर गाव सोडून जाण्यावाचून इलाज नव्हता. आणि दोन्ही गावांना हे ठाऊक होतं. म्हणून पुढच्या साली दिव्याच्या अवसेला दोन्ही गावं एकाच वेळी निघाली.

तो दिवस साऱ्यांनी पाहिला, आणि प्रत्येकाने वेगळा सांगितला. पण एवढं सगळेच सांगतात, की वारा नव्हता. पाऊस पडत होता, पण आवाज येत नव्हता. आभाळ आणि खाडी एकाच रंगाची झाली होती, दुधात राख कालवल्यासारखी. काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे लागतं ते कळत नव्हतं. होड्या पाण्यावरून चालल्या आहेत की ढगावरून, तेही कळत नव्हतं.

पोशीबाय ओट्यावर बसून राखेने दिवे घाशीत होती. हाशाने फावडं उचललं. तिने पाहिलं. हातातला दिवा अर्धा काळा, अर्धा लखलखीत, तसाच ठेवून ती उठली आणि खाडीत उतरली.

खाडीच्या मधोमध चिखलाचा एक उंचवटा आहे. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. लांबून म्हशीच्या पाठीसारखा दिसतो, म्हणून त्याला म्हैसच म्हणतात. म्हैस बुडाली की बायका म्हणायच्या, आलं उधाण, पोरं घरात घ्या. पोशीबाय चालत म्हशीवर गेली. चढत्या पाण्यातून कोणी चालत जाऊ शकत नाही. ती गेली. असं म्हणतात की खाडीने तिला वाट दिली. मी म्हणतो, खाडी तिला ओळखत होती.

दोन्ही होड्या म्हशीजवळ आल्या, तेव्हा पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं.

पदूने वल्हं थांबवलं. "पोशे, वेडी झालीस का? ये इकडं, बस होडीत."

दुसऱ्या होडीतून हाशा ओरडला, "बस इकडं! बुडशील!"

"बसणार नाय," ती म्हणाली. "या होडीत बसले तर माहेर मेलं. त्या होडीत बसले तर सासर मेलं. मी म्हशीवरच बरी हाय."

पाणी कमरेला आलं. होड्या प्रवाहात फिरू लागल्या. ती दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा दिसायची.

मग तिने नवऱ्याला नावाने हाक मारली. "हाशा!"

त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात एकदा, उखाण्यात, तेही लाजून. इथे उघड्या खाडीवर, दोन गावांसमोर, तिने सरळ घेतलं. हाशाच्या हातातलं वल्हं गळून पडलं असतं, पण नागू पाटलाने धरलं. नागू पाटील मोरदांड्याचा म्हातारा. फोडायला जाणाऱ्या होडीत तो नेहमी पुढे बसायचा.

"हाशा, तू शिरखोलच्या बांधावर चाललास ना? जा. पदू, तू मोरदांड्याच्या बांधावर चाललास. जा. फावडी हायत हातात. फक्त उलटी चालवा."

"म्हंजे?" पदू म्हणाला.

"फोडायचा नाय. राखायचा. उधाण उतरंपर्यंत तू त्यांचा बांध राख, ते आपला राखतील."

नागू पाटील खदखदून हसला. "अन् आमचा बांध ह्या चोरांच्या हाती देऊ?"

"चोरालाच ठाऊक, पाटील, बांध कुठं कच्चा हाय. तोच नीट बुजवल."

पाटलाचं हसू थांबलं.

"अन् नाय राखला तर?" त्याने विचारलं.

"तर तुमीबी राखू नका. ते तुमच्या बांधावर, तुमी त्यांच्या बांधावर. कोण कोणाला फसवल?"

पाणी तिच्या छातीला लागलं होतं. होडीतल्या माणसांना विचार करायला वेळ नव्हता, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी योग्य तेच केलं. दोन्ही होड्या एकमेकींच्या बाजूने गेल्या. वल्हं वल्ह्याला घासलं. हाशा आणि पदूने एकमेकांकडे पाहिलं नाही. हाशा शिरखोलला लागला, पदू मोरदांड्याला.

पदू बांधावर चढला तर समोर बायजी. डोक्यावर चिखलाची पाटी. तिने त्याला ओळखलं. गेल्या साली त्याने जिथे चर पाडली होती, तिथेच पाणी झिरपत होतं. नवी माती अजून बसली नव्हती.

पदूने पाटी घेतली, गुडघे टेकले आणि चिखल भरू लागला.

बायजी वरून म्हणाली, "हात चालव रं, चोरा. गेल्या साली तर भारी चालत व्हता."

"गेल्या साली तुमी पाटी उचलून देत नव्हता, मावशे."

असं म्हणतात की बायजी तेव्हा हसली. सून घरात आल्यापासून पहिल्यांदा. आणि मग तिने सारी आळी हाक मारून आणली. बाया, पोरं, म्हातारे, सगळे हातोहात चिखल देऊ लागले. त्या काठावर हाशालाही तसंच मिळालं. पोशीची आई त्याच्याशी बोलली नाही, पण चिखलाचे गोळे तिने दिले. मोठे मोठे. जावयाला लाडू द्यावेत तसे.

उधाण चढलं. म्हाताऱ्यांनीही तसं उधाण पाहिलं नव्हतं. पाणी बांधाच्या डोक्यावरून ओठंगून आत बघू लागलं. माणसं बांधावर आडवी पडली, अंगाने पाणी अडवू लागली. आपला नव्हे, समोरच्याचा बांध. मधे पावसाच्या पडद्याआड पोशीबाय कोणाला दिसत नव्हती.

पाणी तिच्या गळ्याला आलं. गळसरीच्या काळ्या मण्यांना लागलं, आणि थांबलं.

असं म्हणतात की म्हैस उठली. रोज बुडणारी म्हैस त्या दिवशी पाण्याबरोबर वर आली. पोशीच्या पायाखालचा चिखल फुगला, कण कण करून चढला. पाणी बोटभर चढे, चिखल बोटभर चढे. तिच्या पायांभोवती जिताडे मासे फिरत होते, त्यांच्या पाठी चांदीच्या. चिंबोऱ्यांनी तिच्या लुगड्याचा काठ धरून ठेवला होता. ती घाबरली होती का? ते कोणी सांगत नाही. मला वाटतं, घाबरली असेल. म्हणूनच ती मोठी.

उधाण उतरलं. पाऊस विरला. दोन्ही बांध उभे होते. आणि खाडीच्या मधोमध, म्हशीच्या पाठीवर, पोशीबाय उभी होती. तिच्याभोवती चिखलातून तिवराची कोवळी मुळं वर आली होती, गवतासारखी दाट, आकाशाकडे तोंड करून श्वास घेणारी. ओली माती आणि हिरवा वास. लोकांनी बांधावरून पाहिलं, आणि कितीतरी वेळ कोणी हाक मारली नाही. हाक मारली तर ती नाहीशी होईल असं त्यांना वाटलं.

शेवटी नागू पाटील ओरडला, "उतर गो आता! दिवे कोण घाशील?"

त्यानंतर तिवरं तोडायचं कारण उरलं नाही. समोरून येणारी होडी लपून आली तरी राखायलाच येणार. पोशीबाय ओटीत तिवराचं बी घेऊन दोन्ही बांधांच्या बाहेर फिरे. तिच्या मागून बायका फिरू लागल्या. बी चिखलात टोचायचं, पुढे सरकायचं. रान उभं राहिलं. लाट रानात शिरे ती रागाने, बांधाला लागे ती दमून. कोळंबी परत आली. बगळे आले. सांजेला रान पांढरं दिसू लागलं.

पोशीबाय म्हातारी होऊन गेली. ती गेली त्या दिवशी दोन्ही गावांचं पुन्हा एकदा भांडण झालं. शिरखोल म्हणे, आमची लेक, आम्ही अग्नी देणार. मोरदांडा म्हणे, आमची सून. कोणी मागे हटेना. तेव्हा नागू पाटलाच्या नातवाने म्हशीकडे बोट दाखवलं. ओहोटी होती. दोन्ही गावांनी लाकडं आणली आणि तिला म्हशीवर ठेवलं.

सरण पेटलं आणि भरती आली. असं म्हणतात की पाण्याने सरण विझवलं नाही. उचललं. जळतं सरण अलगद पाण्यावर तरंगलं आणि खाडीतून खाली निघालं, तिवरांच्या मधून, दोन बांधांच्या मधून. पानं खालून सोन्यासारखी उजळली. दोन्ही काठांवर माणसं चालत होती. खाडीच्या तोंडाशी ते ठिणगीएवढं झालं, मग समुद्रातल्या चांदणीएवढं. ते विझताना कोणी पाहिलं नाही.

म्हशीवर आता तिवरांचं बेट आहे. तिथली फांदी कोणी तोडत नाही, वाळलेलीसुद्धा. खाडीवरची वरची-खालची गावंही पुढे या रिवाजात आली. आता सरकारी बांध आहे, दगड आहेत, उधाण किती येणार ते फोनवर कळतं. तरी दिव्याच्या अवसेला, दुपारी, प्रत्येक गावचे गडी फावडी घेऊन होडीत बसतात आणि समोरच्या गावच्या बांधावर जाऊन उभे राहतात. ज्या गावचा बांध, त्या गावच्या बाया त्यांना भाकरी आणि सुक्या कोळंबीची चटणी देतात. देताना म्हणतात, "हात चालव रं, चोरा." जेवणारा रागावत नाही. उधाण उतरेपर्यंत कोणी मागे वळून आपल्या गावाकडे बघायचं नाही, असा नियम आहे. पोशीबायचा नियम.

माझं वय झालं. जन्म मोरदांड्यात गेला, दिव्याची प्रत्येक अवस मात्र शिरखोलच्या बांधावर. आमच्या बांधाला उधाण लागलेलं मी अजून पाहिलेलं नाही.