आरशाचं झाकण

“…मग चुकतंय तरी कुठं, तेवढं सांगा की!”

नरगुंदे सरांनी आरशाचं झाकण फळीवर आपटलं. गाडीच्या दाराला बाहेरून जो आरसा असतो, त्याच्या पाठीवरचं प्लास्टिकचं झाकण. तळहाताएवढी वस्तू, पण चार दिवसांत तिनं सरांची झोप उडवली होती.

इलाही उस्ताद चहा पीत होते. त्यांनी झाकणाकडं पाहिलंसुद्धा नाही.

“किती हात मारले?”

“पाच.”

“पाच!” उस्तादांनी बशी खाली ठेवली. “नवरीला बी एवढी हळद लावत न्हाईत, सर.”

उस्तादांनी चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या. आता गॅरेज सुटलं, दम लागतो. घराच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली बसून लहानसहान भाग तेवढे रंगवतात. आरशाची झाकणं, दाराच्या पट्ट्या, जाळ्या. रंगवलेलं तारेला अडकवून शेवग्यालाच टांगतात. सांगलीत कुणाच्या गाडीला ओरखडा आला की लोक म्हणतात, शेवग्याखाली जा.

सर मात्र आधी तिथं गेले नव्हते. कशाला जातील? पंचवीस वर्षं तंत्रनिकेतनात यंत्रं शिकवलेला माणूस. मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले, दुकानातून नेमक्या छटेचा स्प्रेचा डबा आणला आणि गच्चीत वर्तमानपत्रं अंथरली. पहिल्या दिवशी रंगाला ओघळ आले. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि शेजारच्या जोगळेकरीणबाईंच्या पांढऱ्याशुभ्र कुरडया विटकरी झाल्या. त्या बाईंनी काय काय ऐकवलं, ते इथं न सांगितलेलंच बरं.

रंग बसला शेवटी. चमकलाही. पण झाकण उन्हात जरा तिरकं धरलं, की आतला ओरखडा दात विचकून हसायचा.

“अंतर बरोब्बर एक वीत ठेवलं होतं,” सर म्हणाले. “डबा कोमट पाण्यात धरला. दोन हातांमध्ये दहा मिनिटं थांबलो. घड्याळ लावून.”

“हं.”

“मग?”

“गाडी कुणाची?”

सर झाकणावरची धूळ पुसायला लागले…

गाडी दादाची होती. थोरल्या भावाची. दादा साखर कारखान्यातून निवृत्त झाला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यानं आयुष्यातली पहिली गाडी घेतली. चालवायला सरांनीच शिकवलं. शिकवलं कमी आणि टिंगल जास्त केली. रेल्वे फाटकात दादाची गाडी तीनदा बंद पडली, ती गोष्ट सरांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत नकला करून सांगितली. सगळे पोट धरून हसायचे. दादाही हसायचा, पण मान खाली घालून.

तो दादा नातवाच्या बारशाला नागपूरला गेला होता. जाताना किल्ली सरांकडं देऊन गेला. “दिवसाआड नुसती सुरू करून ठेव रे, बॅटरी उतरायला नको.” सरांनी सुरू केली आणि बायकोला घेऊन थेट नरसोबाच्या वाडीला नेली. तिथं गाडी मागं घेताना खांबाला आरसा घासला.

घरात गाडी चालवावी तर चंदूनं, असं सगळे सरांबद्दल म्हणायचे. ते नावच जाणार होतं. पुढच्या लग्नात नक्कल कुणाची होणार, हे सरांना चांगलंच दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. दादा परवा सकाळी यायचा होता.

“भावाची,” सर म्हणाले. “त्याला कळता कामा नये.”

उस्तादांनी कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. पाण्यात भिजवून घासायचा कागद दिला.

“काढा सगळं.”

“पाचही हात?”

“पाची.”

सर घासत बसले. तास गेला. बोटं सुरकुतली. उस्तादांनी अंगणात पाणी शिंपडलं, म्हणजे धूळ बसावी, आणि राखाडी प्रायमरचा एक पातळ हात मारून झाकण तारेला टांगलं.

वाळल्यावर सरांनी ते हातात घेतलं. वरून पाहिलं, तिरकं धरून पाहिलं. अंड्यासारखं गुळगुळीत.

“झालं?” उस्तादांनी विचारलं.

“झालं!”

“नीट बघा.”

“उस्ताद, माझे डोळे अजून शाबूत आहेत. ओरखडा गेला. आता मारा रंग.”

उस्तादांनी मागचा एक डबा उचलला, दोनदा हलवला आणि लांबूनच फुस्स… फुस्स… केलं.

काळा रंग होता! त्या गुळगुळीत राखाडी झाकणावर काळी धूळ बसली.

“अहो! अहो, काय केलंत हे!” सर ताडकन उठले. “चांगलं झालं होतं! सगळं मातीत घातलंत!”

“बसा.”

“अहो, पण—”

“बसा, सर. घासा.”

चरफडत सर बसले. ओल्या कागदानं हळूहळू घासायला लागले. काळं निघत गेलं, राखाडी वर आलं. इथलं गेलं, तिथलं गेलं. आणि मधोमध तीन बारीक रेघा राहिल्या. शेजारी तिळाएवढा एक खड्डा. काळेकुट्ट. कागद सगळीकडं टेकत होता, तिथं खोलात मात्र टेकत नव्हता.

सर बघत राहिले. वाडीचा तो खांब जसाच्या तसा झाकणावर उमटला होता.

“हे मघाशी नव्हतं…”

“व्हतं.”

“मग मला दिसलं कसं नाही?”

“दिसू ने, असंच बघत व्हता तुमी.”

सरांनी मान खाली घातली. उस्तादांनी लांबी दिली. लांबी म्हणजे खड्डे भरायचा लगदा. सरांनी ती रेघांत भरली, सुकू दिली, घासली. पुन्हा प्रायमर. पुन्हा काळं. या वेळी सर ओरडले नाहीत. दोन रेघा गेल्या, एक राहिली. पुन्हा लांबी.

तिसऱ्यांदा मात्र सरांनीच डबा मागितला. “द्या इकडं. काळं मीच मारतो.”

उस्ताद गालात हसले.

ऊन कलायच्या सुमाराला काळं सगळं निघून गेलं. कुठं ठिपकाही उरला नाही. मग उस्तादांनी विटकरी रंगाचे दोन पातळ हात मारले, वरून चकाकीचा एक. झाकण शेवग्याला टांगलं आणि दोघं दुसरा चहा घेत बसले. सरांना फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत कुणाचा विद्यार्थी होऊन बसायची त्यांना सवय राहिली नव्हती, आणि ती आवडायला लागली होती.

तेवढ्यात फोन वाजला. दादाचा.

“चंदू, अरे ऐक, एक सांगायचं राहिलं.” दादाचा आवाज मोठा, फोनबाहेर ऐकू येणारा. “मागच्या बंपरला डावीकडं खरचटलंय बघ. ते माझंच काम. निघायच्या आदल्या दिवशी घरच्या फाटकाला घासली.”

“हं…”

“तुला सांगायची लाज वाटली रे. म्हटलं, तू हसशील. पण रात्रभर डोक्यात तेच. तुला दिसलं, तर तुला वाटायचं आपल्याच हातनं झालं. उगाच जिवाला घोर नको. म्हणून केला फोन. आता हस काय हसायचं ते.”

“नाही दादा,” सर कसंबसं म्हणाले. “हसत नाही मी.”

“बाकी गाडी बरी आहे ना?”

सरांनी शेवग्याकडं पाहिलं. झाकण वाऱ्यानं सावकाश फिरत होतं, नवं कोरं.

“…आहे.”

“तुझ्याकडं आहे म्हटल्यावर काळजीच नाही.”

फोन ठेवला. उस्ताद कागदाचे तुकडे धुऊन कठड्यावर वाळत घालत होते.

“उस्ताद, एक सांगाल? कळेल का त्याला?”

उस्तादांनी झाकण उतरवलं. उजेडात फिरवलं. डोळे मिटून त्याच्या कडेवर बोट टेकवलं.

“न्हाई. कुणालाच कळायचं न्हाई.”

सरांनी मान हलवली. पण हायसं काही वाटेना. छातीवरचा धोंडा होता तिथंच होता, उलट थोडा जडच झाला. ते उठले, चपला घातल्या आणि झाकण घ्यायला हात पुढं केला.

उस्तादांनी ते दिलं नाही. पुन्हा तारेला अडकवलं.

“वलं हाय अजून.”

सरांनी बोट लावून पाहिलं. “सुकलंय की.”

“वरनं.”

सर उभेच राहिले.

“मग कधी येऊ न्यायला?”

“भावाला घिऊन या.”

“अहो, तो परवा सकाळी येतोय. झाकणाशिवाय आरसा दिसेल त्याला! विचारेल ना, काय झालं म्हणून…”

उस्ताद पुन्हा बसले आणि त्यांनी गार झालेला चहा उचलला.

“इचारू द्या की, सर… तवर वाळतंय.”