धवलीची समाधी

नद्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका नदीकाठी बगळ्यांची वस्ती होती. तिथल्या एका बगळीला वाटलं होतं, आपलं पहिलं पिल्लू चारचौघांसारखं चुळबुळं निघेल, पाण्यात धपाधप पाय आपटून मासे पळवेल आणि ओरडून ओरडून आपला घसा बसेल. निघालं भलतंच. धवली बोलता बोलता मध्येच थांबायची. नजर एका जागी, मान ताठ, पापण्या किंचित फडफडत. हाक मारा, पंखाने ढोसा, उत्तर नाही. थोड्या वेळाने वाक्य जिथे सोडलं होतं, तिथून पुढे सुरू!

आता बगळ्यांच्या जातीत स्तब्ध उभं राहण्याइतकी थोर विद्या नाही. सगळी वस्ती दर्शनाला लोटली.

"एवढ्याशा वयात समाधी!" थोरला बगळा म्हणाला. "माझी तर अजून माशी बसली तरी मोडते."

"आमचं कार्टं बघा," शेजारीण म्हणाली. "ते ध्यान करत नाही, ते नुसतंच ध्यान आहे."

धवलीचा बाप छाती इतकी फुगवून चालू लागला, की त्याला स्वतःचे पाय दिसेनात.

बगळीला मात्र चैन पडेना. समाधीतल्या लेकीच्या पायांमधून मासे खुशाल ये-जा करत. एकदा तर एक बेडूक तिच्या पाठीवर बसून मनसोक्त डरावला. धवली दिवसेंदिवस हडकत चालली. शेवटी बगळी तिला घेऊन वैद्यीण पाणमांजरीकडे गेली.

पाणमांजरीने पोरीला नीट पाहिलं. "ही समाधी नव्हे, बाई. ही मेंदूतली आकडी. हा काढा रोज द्यावा लागेल. सुरुवातीला झोप येईल, भूक मंदावेल. मी मात्रा कमी-जास्त करीन. पण आपल्या मनाने बंद करायचा नाही."

घरट्यात वादळ उठलं.

"पोरीला गुंगीत ठेवायचं?" बाप कडाडला. "अगं, उद्या तिला वस्तीची गुरू करताहेत!"

बगळीलाही धास्ती होतीच. काढ्याने आपली धवली धवलीच राहिली नाही तर? पाणमांजरीने दिलेला काढ्याचा द्रोण तसाच पडून राहिला.

त्याच संध्याकाळी उथळ पाण्यात उभी धवली म्हणाली, "आई, मला तो..." आणि थांबली. समोरून मगर सरकत आली.

"पाहा, मगरीलाही भीत नाही!" वस्ती गहिवरली. दोघातिघांनी तर वाकून नमस्कारही केला.

बगळीने त्या वाकलेल्या पाठींवरून झेप घेतली, लेकीची मान चोचीत धरली आणि तिला फरफटत काठावर आणलं. मगरीचा जबडा नुसत्या पाण्यावर आपटला.

"...छोटा मासा हवा," धवलीने वाक्य पुरं केलं. मग इकडेतिकडे पाहिलं. "मी इथे कशी आले? आणि हे सगळे वाकलेत का?"

"बाळा," बापाने जवळ येऊन विचारलं, "ध्यानात तुला काय दिसतं गं?"

"काहीच नाही, बाबा. मी ध्यान करतच नाही. मध्येच मी नसतेच. परत येते तेव्हा मासा गेलेला असतो आणि तुम्ही सगळे खूश असता. म्हणून मी काही बोलले नाही."

बापाची छाती हळूहळू खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला बगळा कमळांचा हार घेऊन दारात हजर. बाप आडवा उभा राहिला.

"गुरू भेटणार नाहीत. गुरू औषध घेताहेत."

"अहो, मग समाधी?"

"ती तुम्हीच लावा. खाली मगर आहे, एकाग्रता झकास होते."

आत बगळीने काढा लेकीपुढे धरला. "कडू आहे. झोप आली तर सांग, मळमळलं तर सांग, आवडलं नाही तर तेही सांग. आम्ही ऐकू, वैद्यीणबाईंना विचारू. पण आजपासून घ्यायचा."

धवलीने चोच वाकडी केली, डोळे मिटले आणि काढा पिऊन टाकला.

तात्पर्य: ज्या कौतुकाखाली लेकराचं दुखणं झाकलं जातं, त्या कौतुकापेक्षा कडू काढा बरा.