न फुटलेली फरशी

एकदा एक गवंडी म्हातारा झाला. सगळेच होतात, त्यात नवल ते काय. पण याच्या हातून थापी सुटली तरी डोळा काही कामावरून सुटला नाही. त्याचे नाव म्हादबा. त्याच्या हाताखाली सिद्राम नावाचा शिष्य बारा वर्षे फरशीकाम शिकला, आणि आता तो गावात मिस्त्री म्हणून मिरवत होता. मिरवण्याजोगे काम होतेच त्याचे, निदान वरून पाहणाऱ्याला.

त्या गावातल्या एका भुसार व्यापाऱ्याने दुकानामागे दुमजली घर बांधले. वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर सिद्रामने पांढऱ्या टाइल्सनी मढवले. वर्ष सरते न सरते तोच टाइल्समधले सांधे काळे पडले, मग त्यांत भरलेले ग्राउट, म्हणजे सांधे बुजवायचे सिमेंट, पापडासारखे तुकड्यातुकड्याने निघू लागले. न्हाणीघराच्या बरोबर खाली व्यापाऱ्याच्या आईची खोली होती. तिथल्या छताला ओल आली, भिंतीचे पोपडे सुटले, आणि आधीच दम्याने बेजार असलेल्या त्या म्हातारीचा खोकला थांबेना. जिना तिला चढवत नव्हता आणि तळमजल्यावर दुसरी खोली नव्हती.

सिद्रामला बोलावणे गेले. त्याने सांधे पाहिले आणि व्यापाऱ्याच्या बायकोला, वैजयंताला, विचारले, "वहिनी, फरशी कशानं धुता?"

"दर रविवारी थोडं ॲसिड टाकते. डाग राहत नाहीत."

"मग झालं तर. ॲसिडनंच खाल्लंय सगळं."

सिद्राम सांधे भरून, चहा पिऊन निघून गेला. त्याचे ते वाक्य मात्र घरात राहिले. म्हातारी म्हणाली, "हिच्या चकचकाटापायी माझा श्वास गेला." त्या दिवसापासून तिने सुनेच्या हातचे पाणी घेणे सोडले. औषधाची गोळी द्यायलासुद्धा मुलाला दुकानातून उठून यावे लागे. वैजयंताने ॲसिडची बाटली फेकून दिली, तरी दोन महिन्यांत सांधे पुन्हा उकलले. सिद्रामने ते पुन्हा भरले, नंतर तिसऱ्यांदाही भरले, आणि बोल मात्र प्रत्येक वेळी सुनेलाच लागत राहिला. दुसऱ्याच्या माथी मारायला एक कारण सापडले, की माणूस आपल्या पदरचे कारण शोधायचे सोडून देतो. मला हे ऐकून माहीत नाही, मी स्वतः तसा वागलेलो आहे.

चौथ्या वेळी सिद्राम गुरूला सोबत घेऊन गेला. म्हादबा आधी खाली म्हातारीजवळ बसला. तिचा खोकला ऐकला, छताकडे बराच वेळ पाहिले, आणि मगच जिना चढला. न्हाणीघरात येऊन म्हणाला, "छिन्नी-हातोडा दे."

सिद्रामला वाटले, आता हा फुटलेले सांधे खरवडणार. पण म्हादबाने भिंतीलगतची एक धडधाकट टाइल निवडली. तिला चीर नव्हती, भोवतीचा सांधाही शाबूत होता. चार घाव घालून त्याने ती उचकटून काढली.

"बाबा, ती तर चांगली होती," सिद्राम म्हणाला.

टाइलखाली सिमेंटच्या मालाचे पाच गोळे होते, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. बाकी सगळे पोकळ, आणि त्या पोकळीत काळे, कुबट पाणी साचलेले. वैजयंता दारात उभी राहून पाहत होती.

"ॲसिडनं सांधा झिजतो, हे खोटं नाही," म्हादबा सावकाश म्हणाला. "पण तो वरून झिजतो, खरखरीत होतो. हा तळातून सुटलाय. पाच गोळ्यांवर टाइल टेकवली, की पाय पडेल तशी ती हलते, आणि हलली की सांधा तुटतो. त्यात तू ग्राउट पातळ कालवलंस, भराभर पसरावं म्हणून. पाणी उडून गेलं आणि आत भोकं राहिली. बरं, सुकू तरी दिलंस का?"

सिद्रामची मान खाली गेली. "दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीचा मुहूर्त होता. संध्याकाळी सांधे भरले आणि पहाटे घरातल्यांनी तिथंच आंघोळी केल्या. मी नको म्हणालो नाही."

"सांधा सगळ्यात दुबळा, म्हणून तो आधी बोलतो. तू तीनदा त्याचं तोंड लिंपलंस, आणि दोष टाकलास तो उलटून न बोलणाऱ्या माणसावर. फुटलेल्या जागी बघितलं असतं, तर तुला परत ॲसिडच दिसलं असतं. म्हणून मी न फुटलेली उचलली." मग तो उठला. "आता खाली जा आणि त्या माउलीला हे सांग."

"बाबा, सगळं उखडून नवं करतो. चांगलं झालं की दाखवूनच सांगतो. आत्ता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ज्या तोंडानं सुनेचं नाव घेतलंस, त्याच. मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारा सुनेची कड घेतोय. वाक्य तुझं आहे, तुलाच परत घ्यावं लागेल."

सिद्राम गेला नाही. त्या संध्याकाळी व्यापाऱ्याने आईला समजावून पाहिले. ती म्हणाली, "बायकोचीच री ओढणार तू," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सिद्रामने काम मात्र मनापासून केले, हे त्याच्या पदरात घालायलाच हवे. सगळ्या टाइल्स काढल्या, खालची ओल सुकू दिली, प्रत्येक टाइलखाली पुरता माल भरला, ग्राउट घट्ट कालवून सांध्याच्या तळापर्यंत दाबले आणि न्हाणीघराला कुलूप घालून किल्ली आपल्यापाशी ठेवली. आठ दिवस कुणी पाय ठेवायचा नाही, नवव्या दिवशी म्हातारीला सांगायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. सहाव्या दिवशी दुपारी ती वारली.

तेरावा झाल्यावर तो किल्ली द्यायला गेला. वैजयंता ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती.

"वहिनी, चूक माझी होती. तुमची कधीच नव्हती."

"मला ठाऊक होतं, मिस्त्री," ती मान वर न करता म्हणाली. "ज्यांना ठाऊक व्हायला हवं होतं, त्यांनी शेवटच्या दिवशीही माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी पेला घेऊन उभी होते."

सिद्रामने किल्ली तिच्याजवळ ठेवली. गुरूने खाली जायला का सांगितले आणि त्याच दिवशी का सांगितले, ते त्याला तेव्हा कळले. आपण कुणावर बोल टाकला असेल, तर तो आज उतरवावा. फरशी उद्याही बसवता येते.