सबनीसांची बुरशी

"पण नाव द्यायला हरकत काय आहे, सर?"

"हरकत कुठं घेतली मी?" सबनीस सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच विचारलं.

"मग हो म्हणा."

"बघतोय."

बघतोय म्हणजे बघतच होते. टेबलावर चहा आला, निवला, त्यावर साय धरली. त्यांचा विद्यार्थी पुंडलिक आचरेकर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर असा उभा होता. घाई त्याला होती, सरांना नव्हती.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली होती. पुण्यातल्या एका कॉलेजात सबनीस सर वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांचा खरा जीव मात्र बुरश्या, अळंब्या आणि तांबेऱ्यात. तरुणपणी आंबोलीच्या रानात अंजनीच्या हिरव्या पानांच्या पाठीवर त्यांना काळ्या मखमलीसारखी एक बुरशी सापडली होती. तोवर ती कोणी नोंदवलेली नव्हती. सरांनी तिचं वर्णन केलं, तिला लॅटिन नाव दिलं. या शास्त्राची रीत अशी, की नाव देणाऱ्याचं आडनाव त्या नावाच्या मागे कायमचं लागतं. त्यामुळे ती बुरशी ज्या ज्या पुस्तकात गेली, तिथं तिच्या मागोमाग 'सबनीस'ही गेले. बी.एस्सी.ची पोरं परीक्षेत तिचे एका टोकाला वाकलेले बीजाणू काढून मार्क मिळवत. लॅटिन नाव कोणाच्या लक्षात राहायचं नाही. सगळे म्हणत, सबनीसांची बुरशी.

आणि आता पुंडलिकला त्याच आंबोलीत, त्याच अंजनीच्या झाडाखाली, पडून कुजलेल्या पानांवर दुसरंच काही सापडलं होतं. खसखशीहून बारीक काळे दाणे. दाणा फोडला की आत पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू, शेंगेत मटार बसावेत तसे. जगातल्या कुठल्याही ग्रंथात हे नव्हतं. पुंडलिकने ग्रंथ पालथे घातले होते. तो हुशार होता. आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊक होतं, आणि इतरांना ठाऊक नसेल तर तो ते कळवण्याची व्यवस्था करी.

त्याने आकृत्या शाईने काढून ठेवल्या होत्या. लॅटिन वर्णन तयार होतं. नावही ठरलं होतं. सबनीसिया.

पुढच्या महिन्यात सरांची साठी होती. कॉलेजच्या सभागृहात सत्कार होणार होता. तिथं उभं राहून पुंडलिक ते नाव जाहीर करणार होता. गुरूला याहून मोठी दक्षिणा कोणी दिली असेल?

या भक्तीला एक बारीकसं अस्तर होतं, तेवढं सांगून टाकलेलं बरं. 'सबनीसिया'च्या मागे रीतीप्रमाणे 'आचरेकर' लागणार होतं. गुरू पुढे, चेला मागे, ग्रंथ आहेत तोवर. ते कसं दिसतं हे पाहायला पुंडलिकने टीपकागदावर बऱ्याचदा लिहून पाहिलं होतं. चांगलं दिसत होतं.

सरांनी अखेर सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

"ही वाढवून पाहिलीस?"

"कशाला, सर? दाणे पुरे वाढलेले आहेत. पिशव्या आहेत, बीजाणू आहेत..."

"एक बीजाणू उचल. काचनळीत लाव. काय उगवतं बघ."

"त्यात आठवडे जातील."

"जाऊ देत."

"सत्कार..."

"सत्कार माझा आहे ना? मला घाई नाही."

सर थकले, असं पुंडलिकच्या मनात आलं. माणूस साठीला आला की असं व्हायचंच.

तरीही त्याने सांगितलेलं केलं. बुरशीचं खाद्य म्हणून अगर शिजवला, नळ्यांत ओतला, सुईच्या टोकावर एकच बीजाणू घेऊन नळीत सोडला आणि कापसाचं बूच लावलं. हात त्याचा छान होता, त्यात वाद नाही.

काही दिवसांनी सरांनी विचारलं, "नळी कुठाय?"

"फेकली, सर."

"का?"

"खराब झाली. भेसळ झाली होती."

"कशाची?"

पुंडलिकने चष्मा काढून पुसला. "...तुमच्या बुरशीची."

सरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आपल्या प्रयोगशाळेत तिचे बीजाणू हवेत उडतच असतात," पुंडलिक घाईघाईने म्हणाला. "वर्षानुवर्षं आपण ती इथं वाढवतोय. एखादा शिरला असेल बुचातून. नेहमीचंच आहे."

"नेहमीचंच आहे," सर म्हणाले. "मग इथं लावू नकोस. माझ्या घरी लाव."

सर सदाशिव पेठेत राहत. बायको वारल्यावर स्वयंपाकघरात चहापलीकडे फारसं काही होत नसे. तिथं बुरशी असली तर पावावरची. पुंडलिकने त्यांच्याच पातेल्यात नळ्या उकळल्या, त्यांच्याच ओट्यावर नवे बीजाणू लावले आणि नळ्या फडताळात ठेवल्या. या वेळी एक नाही, चांगल्या डझनभर. कटकट एकदाची मिटावी म्हणून.

मग तो रोज संध्याकाळी जाऊन फडताळ उघडून बघे. सर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत. काय दिसतंय, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. पुंडलिकला त्याचा राग येई. पहिल्यांदा पांढरं जाळं धरलं. मग ते राखी झालं. मग एका संध्याकाळी ते काळं झालं आणि त्यावर मखमलीसारखी लव दिसू लागली.

सगळ्या नळ्यांत.

पुंडलिकने एका नळीतली लव काचपट्टीवर घेतली. घरी सरांचा जुना पितळी सूक्ष्मदर्शक होता, त्याखाली धरली. एका टोकाला वाकलेले बीजाणू. हे चित्र त्याने स्वतः परीक्षेत काढलं होतं. दहापैकी दहा मिळाले होते.

तो ओट्याला टेकून उभा राहिला.

बाहेरून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

"सर..."

"हं."

"दोन नाहीत. एकच आहे."

"हं."

"जिवंत पानावर असते तेव्हा ती तुमची बुरशी. पान गळून कुजलं, की तीच हे दाणे धरते. आपण तिला दोन वेगवेगळ्या वयांत पाहिलं."

"मुंजीतला मुलगा आणि लग्नातला नवरा," सर म्हणाले. "आपण रेशनकार्डावर दोघांची वेगळी नावं लावली."

सर हसले. पुंडलिकला हसू आलं नाही. तो बाहेर येऊन त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"संशय होता. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून बघताना आला."

"मग सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. पाहिलं नसतंस."

नियम पुंडलिकला तोंडपाठ होता. एकाच बुरशीची दोन रूपं निघाली, तर पिशव्या धरणारं रूप ते पूर्ण रूप. त्याला दिलेलं नाव साऱ्या बुरशीचं नाव. मग ते कालपरवा दिलेलं का असेना. आधीचं नाव मागे पडायचं, आणि त्याच्या शेपटाला लागलेलं आडनावही.

म्हणजे सबनीसांची बुरशी उद्यापासून आचरेकरांची.

ज्या गोष्टीसाठी तो टीपकागद काळे करत होता, ती त्याच्या ओंजळीत येऊन पडली होती, आणि त्याला रडू येत होतं. ते त्याने लपवलंही नाही.

"सर, हे आपल्या दोघांतच राहू दे."

"का?"

"लोक म्हणतील, सत्काराच्या दिवशी चेल्याने गुरूचं नाव पुसलं."

"म्हणतील."

"तीस वर्षं ते नाव चाललंय. अजून थोडी चाललं तर काय बिघडतं? दाण्यांचं मी छापतच नाही. फाडून टाकतो सगळं."

"आणि अंजनीखाली दाणे धरायचे थांबतील?"

"हे मी तुमच्यासाठी म्हणतोय, सर."

"माझ्यासाठी..." सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "आचरेकर, माझ्या नावाने नवी बुरशी काढणार होतास, तेही माझ्यासाठीच. आता माझी जुनी चूक झाकणार आहेस, तेही माझ्यासाठीच. त्या बुरशीसाठी काही करशील की नाही?"

पुंडलिकच्या कानापर्यंत लाली चढली. टीपकागदाचं सरांना कोणी सांगितलं नव्हतं. तरी त्याला वाटलं, सरांनी तो वाचलाय.

सर उठले. कपाटातून त्यांनी एक जुनं, पिवळं पडलेलं कागदी पाकीट काढलं. आत अंजनीची ती मूळ पानं होती, ज्यांवरून सरांनी बुरशीला नाव दिलं होतं. जगात कुठंही वाद निघाला, तर शेवटचा शब्द या पानांचा. पाकिटावर तरुणपणीच्या टोकदार अक्षरात सरांची चिठ्ठी चिकटवलेली होती.

पुंडलिकला वाटलं, सर ती फाडणार. त्याने हात पुढे केला.

"जुनी चिठ्ठी काढायची नसते," सर म्हणाले. "एवढं शिकवलं होतं तुला. चुकलेली असली तरी ती तिथंच राहते. तिच्याखाली नवी लावायची."

त्यांनी कोऱ्या कागदाचा तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला.

"लिही."

"काय लिहू?"

"जे पाहिलंस ते. दोन रूपं, बुरशी एक. खाली तारीख आणि सही."

"सही तुम्ही करा, सर."

"पाहिलं कोणी?"

पुंडलिकने टाक त्यांच्यापुढे धरला.

"पाहिलं कोणी, आचरेकर?"

"मी."

"मग?"

पुंडलिकने लिहिलं. एरवी शाईने केसाइतकी बारीक रेघ ओढणाऱ्या त्याच्या हाताची सही त्या दिवशी वाकडी आली.

"नाव काय देऊ?" त्याने विचारलं. मग हळूच म्हणाला, "सबनीसियाच ठेवतो. तेवढं तरी..."

"ती कुठं राहते?"

"अंजनीवर."

"मग अंजनीचं दे. पुढं कोणाला शोधायची झाली तर झाडापाशी जाईल. माझ्यापाशी येऊन काय मिळणार?"

सरांनी फडताळातून डिंकाची बाटली काढली. बुचाशी डिंक घट्ट झाला होता. ती त्यांनी गरम पाण्यात धरली, बोटाने चिठ्ठीला डिंक लावला आणि आपल्या चिठ्ठीच्या बरोब्बर खाली, एकही कोपरा वर न राहू देता ती दाबून बसवली. मग पाकीट हातात धरून ते पाहत राहिले. त्यांना वाईट वाटलं असणार. तीस वर्षांचं नाव होतं, वाटणारच. पण पुंडलिकने चोरून पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा त्या दिवशी सूक्ष्मदर्शकात बघताना होता तसाच होता.

पुंडलिक वाकून त्यांच्या पाया पडला. या खेपेला कसली तयारी नव्हती.

"रविवारी सत्कारात मी भाषण करणार होतो," तो उठता उठता म्हणाला. "तुमच्या बुरशीवर. आता काय बोलू?"

"हेच बोल."

"आणि लोक हार घालायला पुढे आले, की मी कुठल्या तोंडानं येऊ?"

सरांनी कपाट सताड उघडलं. वरपासून खालपर्यंत पाकिटं लावलेली होती. हरएक पाकिटावर तेच टोकदार अक्षर, आणि त्याखाली नव्या चिठ्ठीपुरती कोरी जागा.

"हार त्यांना आणू दे," सर म्हणाले. "तू डिंक आण."