वनभेंडीला ओढा बघायचा होता

झाडं विळ्याशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. गायरानाच्या बांधाला लागून एक वनभेंडी उगवली होती. बांधापलीकडच्या ओढ्याचं पाणी तिला ऐकू येई, दिसत मात्र नसे.

ती बांधाएवढी व्हायला आली की तानूबाई विळा घेऊन हजर. “आली का ही बया पुन्हा! हिनं बी धरलं तर माझ्या गाईला गवत उरायचं नाही.”

“वीतभर अजून वाढू दे रे,” वनभेंडी विळ्याला म्हणाली. “ओढा बघते, मग काप.”

“माझी मूठ तानूबाईच्या हातात आहे, बाई,” विळा म्हणाला.

तीनदा ती वाढली, तीनदा कापली गेली. चौथ्यांदा ती वर गेलीच नाही. जमिनीलगत पसरली आणि तिथंच गुलाबी फुलली. विळा डोक्यावरून निघून गेला. फुलांची काटेरी बोंडं झाली. त्यातलं एक शेजारी बसलेल्या गाईच्या शेपटीला चिकटलं आणि गाय पाणी प्यायला निघाली तसं बांधापलीकडे गेलं.

पुढच्या वर्षी विळा आला, तेव्हा त्याचं पातं हिरव्या रसानं ओलं होतं.

“ओढ्याकाठी तुझी लेक उगवली होती,” तो म्हणाला.

वनभेंडी हरखली. “म्हणजे ती रोज ओढा बघत असेल!”

“कुठली बघतेय! ओढ्याकडे पाठ करून बांधाकडे मान उंचावत होती. ‘वीतभर अजून वाढू दे रे,’ म्हणाली, ‘पलीकडे माझी आई आहे.’”